चिमटीबाईंच्या सात कात्र्या

नवीन पोर बालवाडीत आलं की आमच्या बाई त्याचं नाव विचारायच्या आधी त्याचा अंगठा बघायच्या. जमिनीवर तुरीचा एक दाणा टाकायच्या आणि म्हणायच्या, "दे बरं मला उचलून." पोर मूठ मारून दाणा धुळीसकट उचलायचं. मग बाई खाली बसून त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून द्यायच्या. "मुठीत नको, चिमटीत धर." दिवसातून इतक्या वेळा हे चालायचं की पोरांनी त्यांचं नाव चिमटीबाई ठेवलं. खरं नाव हजेरीपटावर होतं. ते संस्थेच्या पर्यवेक्षिका आल्या तरच कानावर पडायचं.

मी त्यांच्या हाताखाली मदतनीस होते. शिक्षण चौथी. खोली झाडायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि पोरं गोळा करून आणायची, एवढं माझं काम. नाशिकला मखमलाबादच्या अंगाला, पाटाच्या कडेला आमची वस्ती. वस्तीच्या समाजमंदिरात ही बालवाडी भरायची. नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं आम्ही दोघींनी ती चालवली. वस्तीतली पोरं वर्षभर असायची. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षबागांत कामाला यायची, त्यांची पोरं मी बागेतल्या झोपड्यांवरून उचलून आणायची. शिमग्याला ती माणसं गावी परतायची आणि आमची खोली अर्धी रिकामी व्हायची.

"पाटी नंतर, आधी बोटं," असं बाईंचं म्हणणं. संस्थेने दिलेले अआईचे तक्ते त्यांनी ओल आलेल्या भिंतीवर लावले होते, ओल झाकायला. पोरांपुढे त्या काय मांडतील याचा नेम नसायचा. तांब्यातलं पाणी बाटलीत ओतायला लावायच्या. एका फळीवर जुना सदरा ठोकला होता, त्याची बटणं पोरं दिवसभर लावायची आणि काढायची. पाटातली चिकणमाती मी घमेल्याने आणायची, तिच्या चुली आणि बैल व्हायचे. कांद्याची टरफलं खळीने कागदावर चिकटवून त्या पोरांकडून पाखरं करून घ्यायच्या. वस्तीतल्या बाया मला टोचायच्या, "काय गं गयाबाई, पोरांना शिकवता का भांडी घासायला लावता?" मी सांगायची, बाईंना विचारा. मला तरी कुठे कळत होतं?

एकदा त्यांनी वाल, हरभरा आणि तूर मिसळून पोरांपुढे ठेवली. डोळे मिटायचे आणि नुसत्या बोटांनी तीन ढीग करायचे. डोळे उघडायला सांगितले तर हरभऱ्याचा ढीगच नव्हता. मी म्हटलं, "बाई, बागेवरची पोरं सकाळपासून उपाशी येतात. हरभरे पुढे ठेवल्यावर ती निवडतील का खातील?" त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून निवडायला चिंचोके आणि खायला फुटाणे, असं सुरू झालं. फुटाणे त्या घरून आणायच्या.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. आमच्याशी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की बोली बाहेर यायची. "हाई काय शे?" असं ऐकू आलं की पोरं चूप आणि मीही चूप. पंचवटीत भाड्याच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. नवऱ्याबद्दल मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कात्रीचं काम त्यांना फार आवडायचं. कागद घडीवर कापायचा, मग आखलेल्या रेघेवर, मग गोल. पण दुकानातली कात्री पोरांच्या हाताला जड जायची. संस्थेकडे लहान कात्र्या मागितल्या तर आणखी तक्ते आले. तेव्हा मीच सुचवलं. मी पोरवयापासून मळ्यात राबलेली, द्राक्षांची विरळणीही केलेली. घड दाटला की आतले बारके मणी कापून काढावे लागतात, त्याची कात्री बोटभर लांब, हलकी, दाबली की आपोआप उघडणारी. बागांवरून जुन्या झालेल्या सात कात्र्या मी मागून आणल्या. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच दिवशी पाट्यावर घासून सगळ्यांची टोकं बोथट केली. पोरांच्या हातात त्या अगदी बसल्या. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही आलं नाही. त्यांच्याही नाही.

बागेवरच्या जिजाची पोरगी मंजी पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची असेल. दाणा टाकला तर तिने तो मुठीने उचलला नाही, चिमटीनेही नाही. जीभ लावून उचलला. बाई खूप हसल्या. तीन हंगाम ती आमच्याकडे आली. दुसऱ्या हंगामात ती कागदाचा अखंड साप कापायची, कुठे न तुटता, दारापासून खिडकीपर्यंत. बोलायची कमी. पण कापताना तोंडाने कात्रीबरोबर हळू आवाज करायची, कच कच कच. बाई काम सोडून ते ऐकत बसायच्या. मला म्हणाल्या, "गयाबाई, ही पोरगी शाळेत गेली पाहिजे. काही झालं तरी."

काही झालं तरी म्हणणं सोपं असतं. शाळा भरते जूनला, ही माणसं येतात दिवाळीनंतर, जातात शिमग्याला. गावाकडच्या शाळेत नाव असलं तर असलं, पोर तिथे नसतंच. तिसऱ्या हंगामात मंजी सहाची झाली, तेव्हा बाईंनी मनावर घेतलं. इकडच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे तीनदा गेल्या. जन्माचा दाखला नव्हता, आधीच्या शाळेचं काही नव्हतं. शेवटी मास्तर म्हणाले, बसू द्या पहिलीत, पण मधेच गावी नेणार असाल तर उपयोग नाही. बाई म्हणाल्या, नेणार नाही, माझ्याकडे राहील. एकट्या बाईने ठरवून टाकलं होतं. खोलीत तिच्यासाठी वेगळी गोधडी काढून ठेवली होती, ती मी पाहिली. जिजाला विचारलं होतं, ती नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती.

मंजी चार दिवस बालवाडीत आली नव्हती. मला वाटलं ताप असेल. शाळेचं नक्की झालं हे सांगायला बाई निघाल्या, मीही बरोबर गेले. झोपडीत कोणी नव्हतं, म्हणून बागेत शिरलो. मांडवाखाली बायांची ओळ लागली होती. ओळीत शेवटी एक उलटा क्रेट ठेवलेला आणि त्यावर मंजी उभी. तिचं धाकटं भावंड क्रेटला टेकून खाली मातीत बसलेलं. मंजीच्या हातात विरळणीची कात्री होती, आमच्यासारखीच, फक्त टोकं शाबूत. डाव्या हाताने घड सांभाळून ती आतला बारका मणी कापत होती आणि शेजारच्या मण्याला धक्का लागत नव्हता. तोंडाने कच कच चाललेलं.

बागवाले बापू तिथेच होते. माणूस वाईट नाही. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं कौतुक आहे. पोरांचे हात काय तयार केलेत तुम्ही. ही तर मोठ्या बायांना मागे टाकते."

 बाई म्हणाल्या, "सहा वर्षांची आहे ती."

बापू म्हणाले, मी बोलावली नाही, तिची आई घेऊन आली. ते खरंच होतं. जिजा क्रेटपाशी आली. बाईंनी तिला शाळेचं सांगितलं, मास्तर हो म्हणाले ते सांगितलं, गोधडीचंही सांगितलं. जिजाने सगळं ऐकून घेतलं. हातातली कात्री तिने खाली ठेवली नाही.

"बाई, तुम्ही चांगलंच सांगता. पण हिला तुमच्याकडं ठिवली तर बारक्याला कोन बघंल? आन शाळंत जाऊन काय व्हईल ते मला दिसत नाय. हितं दिसतं."

बाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. वाचता येईल, हिशेब येईल, कोणी फसवणार नाही. जिजा मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी तिला कापायला लावत व्हता तवा ती शाळाच व्हती ना? मंग हे काय निराळं?"

  मंजीने वरून आम्हाला पाहिलं आणि हसली. तिला वाटलं आम्ही तिचं काम बघायला आलोय.

संध्याकाळी बापूंनी गडी पाठवून बाईंसाठी आगाप, लवकर पिकलेल्या बागेतल्या द्राक्षांची पेटी दिली. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मीच पोरांना वाटून टाकली. फेकून काय उपयोग होता?

त्या दिवसापासून सातही कात्र्या कपाटात बंद. बाईंनी नुसती माती द्यायला सुरुवात केली, आणि उड्या, आणि गाणी. ज्याला कुठल्या बागेत मागणी नाही असं सगळं. पण बागेवरची आणखी दोन पोरं त्याच महिन्यात यायची बंद झाली. राहिलेली पोरं गाणं म्हणता म्हणता दोन बोटं हवेत उघडायची, मिटायची. शिकलेलं बोट विसरत नाही, कपाटाला कुलूप घालून शिकवलेलं परत घेता येत नाही. बाई बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मला गोड बोलता येत नाही. एक दिवस भात उपसता उपसता मी म्हटलं, "बाई, मला कोणी चिमटी शिकवली नव्हती. कात्री पण नव्हती. तरी चौथीतून काढून मला मळ्यातच घातलं होतं. तुमच्यामुळे नाही झालं हे." मला वाटलं त्यांना जरा बरं वाटेल. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझा उपयोग काय, गयाबाई? शिकवलं तरी बागेत, नाही शिकवलं तरी बागेत. आते काय करू मी?" मी भात झाकून ठेवला. 

पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःच कुलूप काढलं. वस्तीतलं एक पोर कात्रीसाठी रोज कपाटापाशी जाऊन बसायचं. "बोटं बांधून ठेवू का यांची?" एवढंच म्हणाल्या आणि कात्र्या मांडल्या. पण पूर्वीसारखं नाही. पोराला गोल कापता आलं की आधी टाळी वाजवायच्या, आता कागद हातात घेऊन नुसत्या बघत राहायच्या. दर दिवाळीनंतर मंजीच्या झोपडीवर जायच्या. पाटी नेली, पुस्तक नेलं. दुपारी बाया जेवायला बसल्या की तिला अक्षरं शिकवून पाहिली. मंजी पेन्सिल झकास धरायची. तीन-चार अक्षरं यायची, पुढच्या दिवाळीपर्यंत ती जायची, पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षं बाईंनी हे केलं. पाचव्या वर्षी मंजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना बाई, लोकं हसत्यात मला."

नंतर वस्तीतली पोरं गाडीत बसून इंग्रजी नर्सरीत जायला लागली. गळ्यात टाय, दप्तरात चार वह्या. आमच्याकडे सहा-सात पोरं राहिली आणि संस्थेने बालवाडी बंद करायचं पत्र पाठवलं. सदऱ्याची फळी मी चुलीत घातली. बाई भावाकडे सटाण्याला जायला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, बागेत जाऊन येऊ.

मंजी तेव्हा तेरा-चौदाची. क्रेट लागत नव्हता, हात सहज पोचत होता. परकराच्या नाडीला कात्रीची पिशवी. तिने नुकताच विरळलेला घड वळवून बाईंना दाखवला, सगळीकडून सारखा, मधून उजेड दिसणारा. मला वाटलं बाई आता काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांचं. त्या घडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर मंजीच्या अंगठ्यावर होती.

"बरोबर धरली आहेस कात्री," त्या म्हणाल्या.

मंजीला आनंद झाला. शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग? तुम्हीच शिकवली ना."

बाई "हो" म्हणाल्या. परत येताना पाटावरून चालताना त्या माझ्या पुढे होत्या, मी हाक मारली नाही. समाजमंदिरापाशी थांबून त्यांनी कात्र्यांची पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, पाटात टाकून द्या.

सहा टाकल्या. एक ठेवली. चांगली कात्री होती आणि आणली मीच होती.

बाई सटाण्याला चार वर्षं राहिल्या आणि गेल्या. त्यांच्या भावाचा फोन किराणा दुकानात आला, दुकानदाराने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. जाऊन उपयोग नव्हता, सगळं उरकलं होतं. मंजीला सांगायला मी बागेत गेले, तर तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या टोळीबरोबर विंचूरकडच्या बागांवर गेली होती. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही.

ती कात्री माझ्या खिडकीत असते. गवारीच्या शेंगांची टोकं काढायला बरी पडते. धार लावणारा वस्तीत येतो तेव्हा मी ती त्याच्याकडे देते. तो दर वेळी उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "आजी, टोक पार गेलंय, काढून देऊ का?" मी म्हणते, राहू दे तसंच.