घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे दारातली पळसाची फांदी उचलून शिवेबाहेर फेकतात आणि ओरडतात, ‘ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!’ दुखणं गावाबाहेर. इतका स्वस्त दवाखाना दुसरा नाही.

पंधराव्या वर्षी मला काय होत होतं, ते सांगता येत नव्हतं. घास उतरत नसे, उगीच रडू येई. त्या वर्षी बाबांनी फांदी माझ्या हातात दिली आणि सगळ्या काकांसमोर म्हणाले, “अजून एक जोड रे. पोट्ट्याचं रडणं घेऊन जा गे मारबत!”

सगळे खदखदले. सर्वांत मोठ्यानं मी. पुढे बाबा अभिमानानं सांगत, “पाहा, एका दमात सुधरला.”

सुधरला म्हणे! हीच माणसं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकत होती. पोराच्या खांद्यावर ठेवायला एकाचाही हात रिकामा नव्हता.

या अडाण्यांपेक्षा मी वेगळा, असं मी समजत आलो. शिकलो, पिपरी मेघेला घर बांधलं. पण घरात कुणाचे डोळे भरले की माझ्या तोंडून विनोदच निघायचा. लोक म्हणत, गमत्या माणूस आहे. गमत्या कसला, नालायक!

गेल्या वर्षी बायकोची आई गेली. तेरवीनंतर बायको स्वयंपाकघरात ओट्याशी रडत उभी होती. मी दारातून म्हणालो, “घेऊन जा गे मारबत.” आणि हसलो.

तिनं गॅस बंद केला आणि हिंगणघाटला भावाकडे निघून गेली. काका म्हणाले, “येते आपोआप. बाईचं मन असंच राह्यते.” अक्कल अजून तिथंच.

ती आली नाही. शेवटी मीच गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

“काऊन आले जी?”

जिभेवर विनोद तयार होता. गिळला.

“मले रडता येत नाई,” मी म्हणालो.

“मंग त्या दिवशी हसले ते?”

“ते बी येत नाई. पंधरा वर्षांचा होतो तवापासून.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. दया नव्हती. टोपलं पुढे ढकललं. “सोला. अन् बोला.”

मी पळसाच्या फांदीपासून सुरुवात केली. घरी येते का, हे विचारायचं राहूनच गेलं आणि टोपलं संपलं. ती उठली, आत गेली आणि दुसरं घेऊन आली.