उघड्यावर ठेवलेलं लोखंड

काका भागीदारी सोडून अकोल्याला गेले. त्या दिवशी कारखाना बंद होता.

काका म्हणजे बाबांचे मित्र आणि भागीदार. दोघांनी अमरावतीत लोखंड कातायच्या लेथ बनवायला घेतल्या, तेव्हा इथल्या कापसाच्या जिनिंगवाल्यांना दुरुस्तीकामासाठी त्या फार लांबून मागवाव्या लागत. काका ओतकाम बघत, बाबा विक्री. लेथचं बेड, म्हणजे ज्यावर सगळं यंत्र बसतं तो ओतीव पाया, काका वर्षभर अंगणात उघड्यावर टाकून ठेवत. उन्हापावसात लोखंडातला ताण निघून गेला की मगच त्यावर शेवटचा हात फिरवत.

"काहून रे, लोखंडाचं लोणचं घालून राह्यला का?" बाबा विचारत.

"मुरलं नाही तं वाकते. मंग गिऱ्हाईक तुलेच शिव्या देईन."

"गिऱ्हाईक दारात उभं हाये, आन् तू त्याले पावसाळा दाखवतं!"

कामगार हसत. आम्ही मुलंही हसायचो. पण याच एका गोष्टीवरून भागीदारी तुटली. नंतर अंगणात बेड दिसेनाशी झाली. ओतलं की लगेच मशीन बाहेर पडू लागली. घरात आम्हाला एवढंच सांगितलं गेलं, की काकांनी दगा दिला. मी पुस्तकं वाचत वाढलो, पण हे वाक्य कधी तपासून पाहिलं नाही. लग्नकार्यात काका समोर आले की मी दुसरीकडे बघायचो.

यंदा बाबा गेले. रीत म्हणून तेरवीचं सांगायला मी अकोल्याला गेलो. काकांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये एक जुनी लेथ उघडून ठेवली होती. तिच्या बेडवर आमच्या कारखान्याचं नाव होतं.

"ही इथे कशी?"

"वाकली होती. सरळ करून राह्यलो."

"अशा आणखी आल्या?"

"लय आल्या, बाबू. तुह्या बाबानंच धाडल्या. कोणी तक्रार घेऊन गेलं की तो माहा पत्ता देये. सोता कधी आला नाही."

"मग तुम्ही का करून दिल्या?"

"कारखान्याचं नाव आमी दोघायनं मिळून ठेवलं होतं ना."

मी तेरवीचा दिवस सांगितला. त्यांनी विचारलं, "तेरवीले मी आलो तं चालन का तुह्या मायले?"

ते आले. चपलांपाशी बसले. त्यांना पुढे बसवायला आमच्यातलं कोणी उठलं नाही. मीही नाही.

कारखान्याच्या जागी आता खताचं गोदाम आहे. आमच्या नावाच्या काही लेथ अजून चालतात. त्या काकांनी सरळ केलेल्या आहेत.