पळवेरकाडूचे मुख

रविवारी सकाळी सहाच्या गाडीने आम्ही दोघी चेन्नईहून उत्तरेला निघालो, मी आणि माझ्या घरमालकीण कमलाबाई. मी मूळची सांगलीची. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात मोटारीचे सुटे भाग तपासण्याची नोकरी, आणि राहायला चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात कमलाबाईंच्या माडीवरची खोली. या मार्गाने मी रोज जात असे, पण वाटेतल्या पोन्नेरी स्टेशनावर कधी उतरले नव्हते. तिथून बसने तासाभरावर पळवेरकाडूचे सरोवर आहे आणि थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, एवढेच ऐकून होते. मार्च लागला होता. पक्षी जायच्या आत पाहून यावे असा माझा बेत होता. तो ऐकून कमलाबाई म्हणाल्या, "मीही येतें. तिकडे मी दोन वर्षें शाळेंत होतें."

कमलाबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे बोलणे ऐकताना प्रथम मला जुनी बखर कोणी तमिळ हेल काढून वाचत आहे असे वाटायचे. नंतर कानाला सवय झाली, इतकी की घरी फोनवर माझ्याही तोंडून "कोणास" निघू लागले आणि आई हसू लागली.

एन्नोर आले. वीजकेंद्राच्या चिमण्या, राखेने करडी झालेली खाडी, तिच्यात उभी असलेली होडकी. कमलाबाई खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. पहिली नोकरी, वय बावीस. सरोवर आणि समुद्र यांच्या मधे वाळूची एक लांबट पट्टी आहे, तिच्यावरच्या कोळ्यांच्या पाड्यात शाळा. मुक्काम वेलम्माळच्या घरी.

"वेलम्माळ माझ्याच वयाची. मी मासे खात नव्हतें, म्हणून ती माझ्यासाठीं वेगळी चूल मांडी. दोन वर्षें, रोज."

"मग नंतर भेट?"

"वर्षाकाठीं एकदां जात होतें. समुद्र आला, त्यानंतर नाहीं गेलें."

त्सुनामीला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. खिडकीबाहेर बघतच त्या म्हणाल्या, "पेपरांत नांवें येत होतीं. मी पेपर बंद केला."

पोन्नेरीहून बस भातखाचरे, ताडाची झाडे आणि कोळंबीची तळी ओलांडत गेली. पळवेरकाडू गाव लहान आहे. बाजाराच्या एकाच रस्त्यावर मशीद, चर्च आणि देऊळ, आणि तिन्हींच्या दारांपर्यंत पोचणारा ओल्या कोळंबीचा वास. सतराव्या शतकात इथे डचांची मोठी वखार होती. इथले रंगीत कापड जहाजांतून पार जावा-सुमात्रापर्यंत जाई. किल्ल्याचा आता झाडीने झाकलेला उंचवटा तेवढा उरला आहे, पण कबरस्तान शाबूत आहे. दाराच्या दोन्ही खांबांवर दगडात कोरलेले हाडांचे सापळे उभे आहेत. मी चरकले. कमलाबाई मात्र ओळखीच्या माणसांकडे बघावे तशा त्यांच्याकडे बघून पुढे झाल्या.

"पोरांना इकडेच आणून इतिहास शिकवीत होतें. पुस्तक वाचून कोणास कंटाळा नाहीं येत?"

मशिदीमागच्या गल्लीत एका ओसरीवर एक वयस्क बाई ताडाच्या कोवळ्या पातींची झाकणाची डबी विणत होती. लाल, हिरवी, पिवळी पट्टी. तिने आम्हाला बसवले, पाणी दिले. तिचे पूर्वज गलबतातून अरबस्तानाहून आले, असे तिने सांगितले. मी गावाच्या नावाचा अर्थ विचारला, तर ती म्हणाली जुन्या बाभळींचे रान, आणि आतून तिची सून ओरडली, नाही, नाही, मुळांचे रान! दोघींची जुंपली. आम्ही एक डबी घेऊन निघालो.

धक्क्यावर मुरुगन नावाच्या होडीवाल्याने आम्हाला पलीकडे न्यायचे कबूल केले, पण कुरकुरत. "मुगत्तुवारम (सरोवराचे समुद्राकडचे मुख) महिनाभर बंद आहे. पाणीच नाही."

होडीत कमलाबाईंनी मला सगळे समजावून दिले. पावसाळ्यानंतर नद्या भरून येतात, तेव्हा सरोवराचे पाणी जोराने समुद्रात शिरते आणि मुख उघडे राहते. उन्हाळ्याकडे नद्या आटतात, समुद्र वाळू आणून टाकतो आणि मुख बुजते. मग आतले पाणी उन्हाने आटत जाते, खारट होते, समुद्रातून कोळंबीची पिले आत येत नाहीत, जाळी रिकामी राहतात.

"मुरुगनला वेलम्माळबद्दल विचारा ना," मी म्हणाले.

"नको. तिकडे गेल्यावर कळेलच." त्यांनी होडीची कड घट्ट धरली होती.

दूर उथळ पाण्यात एक गुलाबी रेघ दिसली. रोहित पक्षी! मी उठून उभी राहिले, होडी एका बाजूला कलली, आणि तिला सावरण्याच्या गडबडीत मुरुगनने ती सरळ चिखलात घातली. आता ती पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी आम्ही दोघी उतरलो आणि साड्या वर खोचून गुडघाभर चिखलातून काठाकडे निघालो. कमलाबाईंची एक चप्पल चिखलाने गिळली. त्यांनी दुसरीही काढून टाकली आणि अनवाणीच चालू लागल्या.

पाड्यात कोणी नव्हते. दारांना कड्या, दोरीवर वाळलेली जाळी, चुली थंड. कमलाबाई एका घरापुढे थांबल्या. घर कसले, नुसता सिमेंटचा चौथरा होता. वर काही नव्हते.

"हेंच," त्या म्हणाल्या आणि चौथऱ्यावर बसल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात वाऱ्याबरोबर समुद्राच्या बाजूने पुष्कळ माणसे एकदम ओरडल्याचा आवाज आला. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही वाळूची चढण चढून वर गेलो.

खाली सगळा गाव होता. पुरुष फावड्यांनी वाळू खणत होते, बाया घमेली भरून वर टाकत होत्या. सरोवरापासून निघालेला चर समुद्रापासून वीसेक पावलांवर आला होता. पौर्णिमेची भरती चढायच्या आत तो पुरा व्हायला हवा होता, नाहीतर लाटा तो वाळूने भरून टाकणार आणि चार दिवसांची मेहनत वाया जाणार. एक पांढऱ्या केसांची बारीक बाई डोक्यावर हंडा घेऊन खणणाऱ्यांना कूळ (नाचणीची आंबवलेली पेज) वाढत होती. कमलाबाई माझा हात सोडून पुढे झाल्या.

"वेलम्माळ!"

बाईने वळून पाहिले. हंडा खाली ठेवला. मला वाटले, धावत येईल. ती आली, पण सावकाश, आणि समोर उभी राहून जे बोलू लागली ते भांडणच होते. माझे तमिळ कारखान्यापुरते, तरी एवढे कळले.

"आता आलात टीचर? समुद्र आला, घर गेले, माझा नवरा गेला. आज येतील, उद्या येतील म्हणून मी रस्त्याकडे बघत बसले. सरकारचे लोक आले, परदेशातले लोक आले. तुम्ही नाही आलात."

"भीती वाटली," कमलाबाई म्हणाल्या. "तू नसशील, अशी भीती वाटली."

"भीती आम्हाला वाटायची होती. तुम्ही यायचे होते."

कमलाबाईंनी डोळे पुसले नाहीत की दुसरी सबब सांगितली नाही. मग वेलम्माळने त्यांच्या चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांकडे पाहिले, हंड्यातून एक पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "प्या. नंतर घमेले उचला. माणसे कमी आहेत."

आम्ही दोघींनी घमेली उचलली. माझे तळहात अर्ध्या तासात सोलवटले. कमलाबाई बसून भरून देत, वेलम्माळ वाहून नेई, आणि येता-जाता तिचे बोलणे चालूच होते. मुलगा आता पलीकडे पळवेरकाडू गावात असतो, नात शाळेत पहिली येते, नवे घर दोन गल्ल्या आत आहे. दुपारी शेवटची वाळू फोडली. "बाहेर! बाहेर!" ओरडत सगळे वर चढले. पहिली लाट चरात शिरली आणि परत गेली. दुसरीही गेली. तिसरी गेली नाही. ती फेसाळत सरोवराकडे धावली, दोन्ही कडांची वाळू ढासळवत, चर रुंद करत. माणसे नाचू लागली. एक म्हातारा कपड्यांसकट पाण्यात बसला आणि खदखदा हसू लागला.

सरोवरात पाणी चढले तशी मुरुगनची होडी सुटली आणि तिनेच आम्ही परतलो. गाडीत एन्नोर मागे पडल्यावर कमलाबाई म्हणाल्या, "इतकीं वर्षें मी दुसऱ्यांच्या पोरांना रागें भरलें. मला रागें भरणारें कोणी उरलें आहे, हें माहीत नव्हतें."

सांगलीला मीही टाळलेली एक भेट होती. दिवाळीला गेले तेव्हा ती मी उरकली. ती कशी झाली ते इथे लिहीत नाही. कमलाबाई मात्र त्या मार्चपासूनच महिन्यातून एकदा एकट्याच पळवेरकाडूला जाऊ लागल्या. मेअखेरीस त्या आल्या त्या सांगतच, की मुख पुन्हा बुजले. मला फार वाईट वाटले. एवढे सगळे फुकट गेले, असे मी म्हणाले.

"फुकट कसें?" त्या म्हणाल्या. "समुद्र वाळू टाकणारच. पुढच्या पौर्णिमेस खणायचें आहे. वेलम्माळ म्हणाली, माणसें कमी आहेत, त्या सांगलीच्या पोरीसही आण."