कोसिमाच्या आजोबांचं मडकं

कोसिमाला घाण खपत नसे. सत्तरी आली तरी ती रोज सकाळी उंबऱ्यापुढचे दगड ब्रशने खसाखसा घासायची, आणि शेजारणीने खिडकीतून बटाट्याची साल टाकली तर नाव घेऊन हाक मारून तिलाच ती उचलायला लावायची. गावात कुणाला ती फारशी आवडायची नाही, पण तिच्या हातचं सगळे डोळे मिटून खायचे.

हा स्वभाव आईचा, पेपाचा. कास्त्रेल्लो या त्यांच्या गावात पूर्वी घरोघरी आठवड्याचा पाव भाजला जाई. त्यासाठी आंबवलेल्या पिठाचा एकच गोळा सगळ्या गल्लीत फिरे. तो नासला तर अख्ख्या गल्लीचा पाव वाया. म्हणून मधल्या दिवसांत तो कुणाच्या घरी ठेवायचा हे बायका आपसांत ठरवत, आणि तेहेतीस वर्षं त्यांनी तो पेपाकडेच ठेवला. पेपाला आयुष्यात दुसरा मान मिळाला नाही आणि हवाही नव्हता.

चौऱ्याण्णवाव्या वर्षी पेपा गेली. आठवडा होतोय न होतोय तोच ओरोंत्सो दारात हजर. हा जुन्या वस्तूंचा व्यापारी. मयताच्या घरी तो पाद्र्याच्या मागोमाग पोचतो. अंगाला अत्तर, बोटांत तीन अंगठ्या, आणि नखांत कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यातली माती.

पेपाची कणीक मळायची मातीची परात त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि बाजूला सारली. "काकू, ही नाही चालायची. फार स्वच्छ आहे. गिऱ्हाइकाला काळ दिसला पाहिजे."

"त्याला काळ नाही म्हणत रे, मळ म्हणतात."

ओरोंत्सो हसला आणि थेट गोठ्यात शिरला. बाहेर आला तो एक उंच, हिरव्या काचलेपाचं, रुंद काठाचं मडकं कवटाळून.

"अरे, ते आजोबांचं!" कोसिमा नाक मुरडत म्हणाली.

"माहितीये की. आमच्याकडेही होतं. लोक फुलं ठेवतात त्यात हल्ली."

"ने बाबा. पण निदान नीट धुऊन तरी दे कुणाला."

"धुऊन? वेड लागलंय का काकू? आतला तो पिवळा थर गेला तर उरलं काय?"

त्या दिवशी कोसिमाला दुपारचं जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात मिलानच्या लुडोविकाबाईंनी तिला रविवारच्या स्वयंपाकाला बोलावलं. या बाईंनी गावाबाहेरची जुनी वाडी घेतली होती. शेतावरच्या गाड्याचं चाक भिंतीवर टांगायचं आणि बैलाची गव्हाण पलंगापाशी ठेवायची, अशी त्यांची आवड. पाहुणे चौदा. निम्मे मिलानचे, निम्मे गावातले मानकरी: पाद्री फादर इप्पात्सियो, डॉक्टर, टपाल कचेरीतली निकोलेत्ता वगैरे. कोसिमाने काबुली चणे घालून घरचा पास्ता केला. "पातेलं नको हं, मी छानशा भांड्यात वाढते," म्हणत बाई पास्ता अंगणात घेऊन गेल्या. चीज किसून कोसिमा मागून बाहेर आली आणि पायरीवरच थिजली.

मेजाच्या मधोमध आजोबांचं मडकं होतं. त्यातून वाफ येत होती.

चूक व्हायचं कारणच नव्हतं. काठाचा टवका समोर दिसत होता. आजोबांचं अर्धं अंग गेलं तेव्हा कोसिमा नऊ वर्षांची. त्यानंतर अकरा वर्षं रोज पहाटे, मैल्याच्या गाडीचा भोंगा वाजला की ते भरलेलं मडकं कोबीच्या पानाने झाकून, श्वास रोखून, सतरा पायऱ्या उतरायच्या. एकदा पाय घसरला, काठ पायरीवर आपटला, आईने थोबाडीत दिली. त्याच टवक्यात लुडोविकाबाईंनी पळी टेकवली होती.

गावच्या मंडळींनी मडकं पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. बोललं मात्र कुणी नाही! डॉक्टरांना अचानक ॲसिडिटी झाली. फादर इप्पात्सियोंना उपास आठवला, तोही रविवारी, जेव्हा चर्चचा उपास नसतोच. निकोलेत्ता नुसताच पाव कुरतडत होती. मिलानकर दुसऱ्यांदा वाढून घेत होते. एका गृहस्थाने तर बोटं चाटली. "काय खोली आहे चवीला! मातीच्या भांड्यातच येते ही."

पाद्र्याने तिला डोळ्यांनीच गप्प बसायची खूण केली. ती बसलीही असती. खाताहेत, खाऊ देत.

पण लुडोविकाबाई उठल्या आणि त्यांनी एक चिठ्ठी वाचायला घेतली. "हे भांडं आपल्या कोसिमाच्या आईच्या, पेपाच्या, स्वयंपाकघरातलं. गल्लीचं आंबवलेलं पीठ पिढ्यान्‌पिढ्या ह्याच भांड्यात ठेवलं जाई."

टाळ्या पडल्या. निकोलेत्ताने रुमालात तोंड खुपसलं. "अगं बाई! म्हणजे आमचा पाव..."

"कुणी लिहिलंय हे?" कोसिमाने विचारलं.

"ओरोंत्सोने. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंत."

कोसिमाने चीजची बशी खाली ठेवली. मडकं उचललं, उरलेला पास्ता कुंडीत ओतला, मडकं सगळ्यांसमोर फरशीवर ठेवलं, काळा झगा सावरला आणि त्यावर ऐसपैस बसली.

"उंची बघा. काठ रुंद कशाला, तेही बघा. माझे आजोबा अकरा वर्षं असे बसत आणि मी हे रिकामं करत असे. माझ्या आईने ह्याला कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही."

"कोसिमा! अगं, जेवणाच्या मेजाशी?" पाद्री पुटपुटले.

"फादर, तुम्ही घास टाळलात तेव्हाच तोंड उघडलं असतंत तर मला बसावं लागलं नसतं."

बोटं चाटणारे गृहस्थ झुडपांकडे धावले. लुडोविकाबाईंचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी हळूच विचारलं, "त्याने धुतलेलं तरी होतं ना हो?"

कोसिमाला खोटं बोलता येत नसे. पिवळ्या थराबद्दल ओरोंत्सो जे म्हणाला ते तिने शब्दशः सांगितलं. मग खुर्च्यांचा जो काही आवाज झाला, तो ऐकायला ती थांबली नाही.

घरी येऊन तिने झगा उकळत्या पाण्यात टाकला आणि कोपरापर्यंत तीनदा हात धुतले. तिन्हीसांजेला दार वाजलं. बाहेर निकोलेत्ता. वीस वर्षांत जिने घरी पाव भाजला नव्हता, ती हातात रिकामा वाडगा धरून, मान खाली घालून उभी.

"कोसिमामावशी, आंबवलेलं पीठ आहे का गं थोडं? पेपाआजीचं?"

मेजावर पेपाची परात पांढऱ्या फडक्याखाली झाकलेली होती. कोसिमाने वाडगा हातात घेतला, उजेडाकडे धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत केला.

"देते. आधी हा घासून आण."