उलटी जर्सी

क्लबच्या भर सभेत माझी बाजू घेतली ती जठारपेठेतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी. ते प्रत्येक वाक्याआधी ‘आयक’ म्हणतात आणि स्वतः कुणाचंच ऐकत नाहीत.

मी सातवीत शाळा सोडून सावंतवाडीहून आलेला. अकोल्यात माझी ओळख ती आमच्या फुटबॉल क्लबापुरतीच. एका बिल्डरने नव्या जर्सी दिल्या, पण छातीवर मोहल्ल्याऐवजी त्याचं नाव.

“टीम चालवाले पैसा लागते बे,” पोरं म्हणाली.

मी भीतभीत म्हटलं, “नाव नको बदलूया.”

“तू बाहेरचा, तुले काय करा लागते?”

माझी मान खाली गेली.

“आयक,” काका कडाडले, “मोहल्ल्याचं नाव पुसलं त आपन सारेच बाहेरचे!” आणि त्यांनी नवी जर्सी उलटी करून अंगात चढवली. बिल्डरचं नाव आत गेलं.

काकांवर कधी अशी वेळ आली, तर मीही उभा राहीन. घाबरत का होईना, पण राहीन.