साठ अंशांवर विसरलेल्या नळ्या

शेजारीण धुण्याच्या पावडरीचं पाकीट फोडते, तो वास जिन्यात येतो आणि मला कळंबोलीजवळची आमची लॅब आठवते. कपड्यांवरचे डाग खाणारं एन्झाइम गरम पाण्यातही टिकावं म्हणून आम्ही त्यात बदल करायचो. प्रत्येक नमुना दहा मिनिटं साठ अंशांच्या पाण्यात ठेवायचा, मग त्याचा थेंब दुधाळ प्लेटवर टाकायचा. एन्झाइम टिकलं असेल तर थेंबाभोवती पारदर्शक कडं उमटायचं. त्या दिवशी मी नळ्या पाण्यात ठेवून जेवायला गेले आणि तासभर विसरले. सर चिडले, तेव्हा मी काचसामान धुणाऱ्या उरणच्या मावशींकडे बोट दाखवलं. "यांना काढायला सांगितलं होतं." बोलणी मावशींनी खाल्ली. सर गेल्यावर मी नळ्या फेकायला निघाले, तर त्याच म्हणाल्या, "टाकू नको, थेंब तरी लावून बघ." दुसऱ्या दिवशी एका थेंबाभोवती स्वच्छ कडं होतं. सर हरखले. "खरं सांग, नळ्या तासभर मुद्दामच ठेवल्या होत्या ना? कल्पना कोणाची?" "माझी," मी म्हटलं. बेसिनपाशी मावशींचे हात थांबले. "काल तं मी इसरले होते, नाय का?" त्या हळूच म्हणाल्या. सरांना ते ऐकू गेलं नाही, मला गेलं. त्या शोधाच्या कागदावर आज माझं नाव आहे, ते एन्झाइम घातलेली पावडर करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत घरोघरी आहे. मी मात्र अजून साबणाची वडीच घासते.