कड्यात फिरणारे पाहुणे

घाटकोपरच्या शकुबाईंनी उभी हयात महापालिकेच्या एका इस्पितळात आया म्हणून काढली, तीही अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. त्यांची लेक शर्मिष्ठा जर्मनीत संशोधक. शेजारणींनी विचारलं, की शकुबाई "सायन्समध्ये आहे" एवढंच सांगून मोकळ्या व्हायच्या.

यंदा लेक सुट्टीवर आली, तेव्हा मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलंच, तू नेमकं करतेस तरी काय?

शर्मिष्ठानं सोपं करून सांगितलं. जड अणू प्रचंड वेगानं आदळवले, की त्यांचे तुकडे होतात. त्यात कधीकधी पृथ्वीवर एरवी न सापडणारी अणुकेंद्रकं निघतात. काही तर क्षणभरच टिकतात. तेवढ्यात त्यांना चुंबकांनी वळवत एका मोठ्या गोल कड्यात फिरवायचं. एका फेरीला किती वेळ लागतो, त्यावरून वजन काढायचं. ताऱ्यांमध्ये सोनं कसं घडतं, याचा उलगडा त्यातून होतो.

"जे राहणारच नाही, त्याचं वजन करता?" शकुबाईंनी विचारलं.

"थोडा वेळ का होईना, असतं ना गं ते."

शकुबाईंचा हात थांबला. मग त्या खालच्या आवाजात सांगू लागल्या. तुझ्या आधी एक मुलगा झाला होता. सातव्याच महिन्यात, सकाळी. दुपार काही त्यानं पाहिली नाही. वजनसुद्धा कुणी केलं नाही. आता कशाला, म्हणाले. पुढे वॉर्डात लागल्यावर त्यांनी एकही बाळ वजन केल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. आधी काट्यावर मऊ दुपटं अंथरायचं, मग बाळ ठेवायचं.

शर्मिष्ठाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आईला बिलगून बसली.

शर्मिष्ठाचे वडील अंबादास बाहेरून आले होते, ते सगळं ऐकत दारातच उभे होते. चपला काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"मी नाव ठेवलं होतं त्याचं," ते म्हणाले. "आकाश. तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही."

शकुबाई नवऱ्याकडे वळल्या. एवढी वर्षं एकट्यानंच हाक मारलीत होय त्याला, असं त्या रागानं म्हणाल्या खऱ्या, पण रडू आवरेना.

रविवारी तिघं बुद्धविहारात गेली. गेलेल्याच्या नावानं करायच्या पुण्यानुमोदनासाठी भन्तेंनी नाव विचारलं. अंबादासांनी बायकोकडे पाहिलं.

"आकाश अंबादास," शकुबाई म्हणाल्या. "आमचा थोरला."